दोन ट्रॉली गाळ आणि आखाजीची टुर्नामेंट

ज्यांच्या गावात क्लबचं ग्राउंड आहे आणि मधोमध मातीची पीच आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहून काढतोय. आमच्याकडे गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जे झालं ते कुठेही होऊ शकतं, आणि आमच्याकडे तर ते दोन महिने आधी, फेब्रुवारीतच थांबवता आलं असतं. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांचीही नावं नाहीत, गावात त्यांना जशी हाक मारतात तेवढंच लिहितो.

आधी माझं सांगतो म्हणजे मी यात कुठून आलो ते कळेल. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, मग पुण्याकडे एका गोल्फ कोर्सवर सहा वर्षं गवताच्या कामाला होतो, कापणी, पाणी, खत, रोग, सगळं. वडील आजारी पडले तसा गावी आलो, आता कापूस आणि थोडा कांदा करतो आणि रविवारी क्लबकडून खेळतो. कमिटीत नव्हतो. ग्राउंडच्या कामात मला कोणी विचारलंही नव्हतं आणि मीही आपणहून काही बोललो नव्हतो, हे दुसरं जास्त लागतं मनाला.

ग्राउंड म्हणजे बाउंडरी साधारण ५५ मीटर, मध्ये तीन पट्ट्या, त्यातली मधली एकच खऱ्या अर्थाने पीच, बाजूच्या दोन नावाला. लोखंडी रोलर आहे, आत काँक्रीट भरलेलं, अर्ध्या टनाच्या आसपास वजन, चार जण लागतात ओढायला. ग्राउंड बघतात बापू, बावीस वर्षं झाली. बापूंनी कुठलं ट्रेनिंग घेतलेलं नाही पण ते पीचवर अनवाणी चालतात आणि टाचेखाली माती कशी लागते त्यावरून सांगतात की आज रोलर फिरवायचा की उद्या.

आता मेंबर लोकांचं बघा. सकाळी साडेपाचपासून फिरायला येणारे आजोबा लोक आहेत, त्यांना कडेची वाट झाडलेली पाहिजे आणि धूळ नको. संध्याकाळी नेटची पोरं, त्यांना रोज नेट पाहिजे आणि तेही मधल्याच पीचच्या शेजारी, कारण बाजूला चेंडू खाली राहतो. रविवारच्या टीममधले बॅट्समन म्हणतात पीच पाटा पाहिजे, बॉलर म्हणतात बाउन्स पाहिजे, कॅप्टन म्हणतो दोन्ही पाहिजे. पुणे, मुंबई, सुरतला नोकरीला असलेली पोरं वर्षातून दोनदा येतात, दिवाळीला आणि आखाजीला, त्यांना तेवढे आठ दिवस ग्राउंड टीव्हीवर दिसतं तसं पाहिजे. आणि खजिनदारांना लग्नाच्या तारखा पाहिजेत, कारण वर्गणीत क्लब चालत नाही, खरा पैसा मंडपाच्या भाड्याचा. मंडपवाला खांबासाठी खड्डे करतो, आचाऱ्याची गाडी आउटफिल्डवर येते, एकदा तर जनरेटरची गाडी पीचच्या कडेवरून गेली होती, तो चाकाचा ठसा पावसाळ्यापर्यंत दिसत होता. यातलं एकही मागणं चुकीचं नाहीये. पण जागा एक, माणूस एक, बोअर एक, आणि ही सगळी मागणी एकट्या बापूंच्या डोक्यावर येऊन पडते आणि प्रत्येकजण त्यांना वेगवेगळं येऊन सांगतो.

फेब्रुवारीत मीटिंग झाली. विषय आखाजीची टुर्नामेंट. बाहेरगावच्या पोरांनी ग्रुपवर फोटो टाकलेले, आयपीएलच्या पीचचे, काळी कुळकुळीत, चकाकणारी, खेळाडूचं प्रतिबिंब दिसेल अशी. आपली पीच राखाडी दिसते, बारीक गवत आहे, भेगा आहेत, असं का, असा सूर. आप्पा म्हणजे आमचे अध्यक्ष, मनाने मोठा माणूस, क्लबसाठी स्वतःच्या खिशातून किती घातलं याचा हिशेब नाही त्यांनी ठेवलेला. ते म्हणाले माती मी देतो. गावाजवळच्या पाझर तलावातून तेव्हा गाळ काढायचं काम चालू होतं, २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण योजना आहे ना त्यातलं, शेतकरी ट्रॉल्या भरभरून नेत होते, मीही नेला होता चार ट्रॉली. काळाभोर, मऊ, मुठीत घेतला तर लोण्यासारखा. आप्पांनी दोन ट्रॉली ग्राउंडवर आणून ओतल्या.

बापू तेव्हाच बोलले होते. "आप्पा, हाई माटी वावरनी शे, पीचनी नही." म्हणजे ही माती शेताची आहे, पीचची नाही. आप्पा हसले आणि म्हणाले माती ती माती. मी तिथे उभा होतो. मला अंदाज आला होता की हे बरोबर नाही, पण अध्यक्षांनी फुकट दिलेल्या मातीला सगळ्यांसमोर नाही म्हणणं जड जातं, आणि मी गप्प बसलो.

पीच २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद, म्हणजे साधारण ६१ चौरस मीटर. त्यावर दीड इंच थर दिला की सव्वादोन-अडीच घनमीटर माती लागते, एक ट्रॉली त्यात गेली, उरलेली कडेला ढीग घालून ठेवली. गवत कापलं नाही, वरचा भाग खरवडला नाही, सरळ गवतावर गाळ पसरला, टँकरने पाणी मारलं आणि दुसऱ्याच दिवशी ओल्यावर रोलर फिरवला. रोलरच्या पुढे माती लाटेसारखी सरकत होती असं पोरं सांगतात. चार दिवसांनी वाळली तेव्हा खरंच टीव्हीसारखी दिसत होती. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळे खूश.

टुर्नामेंटचा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन ४३ च्या वर, बॉलरच्या पायाजवळ माती पापुद्रा धरून उठायला लागली. बापूंनी पाणी शिंपडून ठोकून बसवली. तिसऱ्या दिवशी गुड लेन्थवर, म्हणजे चांगला बॉल जिथे टप्पा पडतो तिथे, हाताच्या पंज्याएवढे तुकडे हलत होते, वरून पाय दिला की खाली पोकळ वाजायचं. चौथ्या दिवशी सकाळच्या मॅचमध्ये सुरतहून आलेला एक पोरगा बॅटिंगला होता, एकोणीस-वीस वर्षांचा. मीडियम पेसर, वेग फार नव्हता. आधीचा बॉल घोट्याखालून सरपटत गेला म्हणून पोरगा पुढच्याला खाली वाकला, आणि तो बॉल त्याच टप्प्यावरून, तुकड्याच्या कडेला लागून भुवईवर आला. हेल्मेट नव्हतं. सहा टाके पडले, डोळा वाचला.

अंपायरने मॅच थांबवली आणि बरोबर केलं, पीच धोकादायक आहे असं वाटलं तर खेळ थांबवायचा अधिकार नियमातच अंपायरला दिलेला आहे, कॅप्टन लोकांना विचारत बसायची गरज नसते. टुर्नामेंट रद्द झाली. लांबून आलेल्या टीम, बक्षिसाचे पैसे, मंडप, आणि संध्याकाळी कमिटीत पहिलं वाक्य काय, तर बापूंना पीच बनवता येत नाही, पुण्याहून क्युरेटर आणा, यांचा पगार थांबवा. ते ऐकलं तेव्हा मी उठलो आणि म्हणालो की मला चार दिवस द्या, बापूंचं नंतर ठरवा, आधी पीचच्या पोटात काय झालंय ते काढून बघू.

जे केलं ते कोणालाही करता येईल असं आहे, म्हणून पूर्ण सांगतो.

दीड इंची जीआय पाइपाचा फूटभर तुकडा घेतला, एक तोंड कानशीने धारदार केलं आणि पीचमध्ये हातोड्याने सहा इंच ठोकला. बाहेर काढून आतली माती लाकडी दांड्याने हळू ढकलून कागदावर काढली. चार ठिकाणी हेच केलं, दोन्ही क्रीजजवळ आणि दोन्ही गुड लेन्थवर. चारही ठिकाणी एकच चित्र. वर दीड इंच काळा थर, खाली जुनी राखाडी माती, आणि मध्ये बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी तपकिरी रेघ, कुजलेलं गवत, वास येत होता. हातात घेतलं की वरचा थर त्या रेघेवर आपोआप सुटून यायचा. आपल्याकडे खापरावरची पुरणपोळी मोडली की वरचा पापुद्रा कसा अलगद सुटतो, तसा. बॉल जेव्हा अशा जमिनीवर पडतो तेव्हा त्याचा जोर वरच्या सुट्या थरात आणि खालच्या मऊ गादीत जिरून जातो, म्हणून बॉल खाली राहतो, आणि तुकड्याची कड वर आलेली असली तर तिथून उडतो. एकाच टप्प्यावरून दोन तऱ्हा, बॅट्समनला यापेक्षा वाईट काही नाही.

गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, मी हा आजार अनेकदा बघितलेला. तिथेही वरून देतात ती वाळू खालच्या वाळूशी जुळली नाही की थर पडतो, पाणी त्या थरावर अडतं, मुळं तिथेच थांबतात. म्हणून तिथे पोकळ दात्यांच्या मशीनने भोकं पाडून मातीच्या गुळ्या बाहेर काढतात आणि त्यात एकसारखी वाळू भरतात. मेंबर लोक त्या दिवसात फार वैतागतात कारण ग्रीन चाळणीसारखी दिसते आणि बॉल सरळ जात नाही, पण ते केलं नाही तर पुढच्या मोसमात ग्रीनच राहत नाही.

दुसरी तपासणी मातीची. काचेच्या दोन बरण्या, एकीत गाळ, एकीत जुनी माती, तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, खूप हलवून ठेवून दिलं. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा म्हणजे वाळूहून बारीक आणि चिकणहून जाड कण काही तासांत, आणि खरी चिकण बसायला दिवस-दोन दिवस घेते. गाळाच्या बरणीत पोयट्याचाच थर मोठा आणि वर काडीकचरा तरंगलेला, जुन्या मातीत चिकण निम्म्याहून जास्त. (आपली काळी माती पाण्यात फुगते त्यामुळे बरणीवर पट्टी लावून टक्का काढू नका, फक्त दोन माती शेजारी ठेवून तुलना करा.) गाळ वावराला सोनं आहे ते याच कारणाने, त्यात सेंद्रिय आहे, ओल धरतो. पीचला नेमकं तेच नको असतं. पीचला घट्ट, जड, कोरडी चिकण पाहिजे, तिला धरून ठेवणारी मुळं पाहिजेत, बाकी काही नाही.

तिसरी सगळ्यात सोपी आणि मीटिंगमध्ये हीच कामाला आली. दोन्ही मातींचे आवळ्याएवढे गोळे मळून केले, भेग राहू न देता, आणि आठवडाभर सावलीत वाळवले. इंग्लंडमध्ये पीचची माती अशीच पारखतात. मग वजनकाट्यावर गोळा ठेवायचा, वर फळी, आणि हळूहळू भार द्यायचा. गाळाचा गोळा २५ किलोच्या आत फुटला. जुन्या मातीचा ७० ला गेला.

मागितलेले चार दिवस झाले पण गोळे वाळायचे होते म्हणून आठवडाभराने मीटिंग घेतली, आणि मी भाषण केलं नाही. टेबलावर पाइपातून काढलेले चार तुकडे ठेवले, दोन बरण्या ठेवल्या, काटा ठेवला, आणि आप्पांनाच म्हटलं की आप्पा, तुम्ही दाबा. त्यांनी गाळाचा गोळा दाबला, फुटला. जुना दाबला, दोन्ही हात लावले, उभे राहिले, तेव्हा कुठे फुटला. मग त्यांनी पीचचा तुकडा उचलला, तो त्यांच्या हातातच दोन थरात सुटला आणि मधलं कुजकं गवत टेबलावर पडलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बापूंकडे बघून म्हणाले, "बापू, तुम्ही सांगितलं होतं." एवढंच. बापूंच्या पगाराचा विषय तिथेच संपला.

पण मला त्या दिवशी गाळापेक्षा दुसरं बोलायचं होतं. गाळ हा एकदाचा अपघात, उपसून टाकता येतो. तो गाळ ज्या हट्टातून आला तो दर आखाजीला येणार. पुण्याला असताना दर एप्रिलमध्ये हे व्हायचं. एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल या क्लबवर मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा असते, मेंबर रात्री जागून टीव्ही बघायचे आणि सकाळी येऊन विचारायचे, आपली ग्रीन इतकी हिरवी का नाही, इतकी फास्ट का नाही. ऑगस्टा नॅशनल मेच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत खेळायला बंद असतं हे टीव्हीवर दिसत नाही. ग्रीनच्या खाली हवा आणि ओल ओढून घेणारी यंत्रणा बसवलेली आहे ते दिसत नाही. तिथलं फेअरवेचं, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याचं, मूळ गवत म्हणजे बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी, जिला आपण कपाशीतून खुरप्याने मुळासकट काढतो आणि तरी ती पुन्हा येते, आणि एप्रिलमधला तो गर्द हिरवा रंग वरून पेरलेल्या थंडीतल्या राय गवताचा असतो. टीव्हीवर दिसतो तो वर्षातला एक आठवडा. मेंबरला वाटतं तेच रोजचं.

क्रिकेटचंही तसंच आहे. मोठ्या स्टेडियमला मध्ये ओळीने पट्ट्या असतात, एक वापरली की तिला विश्रांती देऊन दुसरी घेतात, झाकायला कव्हर असतं, माणसांची फौज असते. आपल्याकडे एक पट्टी, त्यावर आखाजीच्या आठवड्यात रोज दोन मॅच, आणि कडेला नेट.

आणि पाणी. आउटफिल्ड हिरवं पाहिजे हा मुद्दा पुन्हा निघालाच, तेव्हा मी फळ्यावर हिशेब मांडला. ५५ मीटर त्रिज्या म्हणजे साधारण साडेनऊ हजार चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला दिवसाला निदान ५ मिलिमीटर पाणी धरा, आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त उडतं पण ५ च धरा, तर रोजचे ४७ हजार लिटर. दहा हजारी टँकर जवळजवळ पाच. रोज. आपल्या गावात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते प्रत्येकाला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या होत्या, कारण काय तर ग्राउंडला लागणारं पाणी. तिथे एवढ्या मोठ्या लोकांना थांबावं लागलं. आपण गावातल्या बाया हंडे घेऊन उभ्या असताना टँकरने गवत भिजवायचं का, हे मी विचारलं आणि मला त्याचं उत्तर सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एक म्हातारे काका, सकाळी फिरायला येणारे, म्हणाले हरळी मरत नाही रे बाबा, पहिला पाऊस पडू दे, आठ दिवसात बघ. शेतकऱ्याच्या गावात हे मला सांगावं लागू नये खरंतर. आउटफिल्ड फेब्रुवारीनंतर भिजवायचं नाही असं ठरलं, फक्त मधला चौकोन, म्हणजे पट्ट्यांचा भाग, भिजवायचा. पीचला एकदा खोलवर भिजवायला इंचभर पाणी म्हणजे दीड हजार लिटर, ते बोअर देतो.

ठरलं ते सगळं सहज ठरलं नाही. मधली पट्टी दिवाळी धरून थेट डिसेंबरपर्यंत बंद, हे ऐकल्यावर पोरं फार चिडली. एकाने वर्गणी परत मागितली, एक चांगला ऑलराउंडर शेजारच्या तालुक्याच्या टीमकडे गेला तो गेलाच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो, वर्षातून आठ दिवस गावी यायचं आणि तेव्हाच पीचवर दोरी बांधलेली. म्हणून बाजूच्या पट्टीवर मॅट टाकून खेळ चालू ठेवला. मॅटवर बॉल एकसारखा उसळतो, मजा कमी येते पण कोणाचं डोकं फुटत नाही. खजिनदारांशी बोलणं सगळ्यात लांबलं. शेवटी लग्नं ग्राउंडच्या पश्चिमेच्या अर्ध्या भागात, मधल्या चौकोनापासून वीस पावलांवर दोरी, गाडी आत नाही, खड्डे त्याच आठवड्यात बुजवायचे, आणि त्या भाड्यातला ठरलेला हिस्सा ग्राउंडच्या खात्यात. याआधी तो पैसा कुठे जायचा तर बक्षिसांना आणि स्पीकरला.

पीचचं काम मे महिन्यात सुरू केलं. फावड्याने गाळ पूर्ण काढला, खालचं कुजलेलं गवत खरवडून काढलं, अगदी जुनी घट्ट माती हाताला लागेपर्यंत. त्या मातीवर कुदळीच्या टोकाने आडव्या-उभ्या चरा मारल्या, म्हणजे नवी माती जुनीत रुतून बसेल. आता नवी माती आणायची कुठून हा प्रश्न. इथे बापूंची आठवण कामाला आली. पीच पहिल्यांदा केली तेव्हा माती कुठल्या वावरातून आणली ते त्यांना पक्कं माहीत होतं, नाल्याच्या वरच्या अंगाचं वावर, मालक बदललाय पण माती तीच. तिथली माती आणली, गोळे केले, वाळवले, दाबले, जुन्या मातीच्या जवळपास आली. मगच ट्रॉली भरली. वाळवून, ढेकळं फोडून, चाळणीने चाळून, अर्धा-अर्धा इंच देत गेलो, प्रत्येक वेळी पाणी आणि दंताळं.

पाऊस लागल्यावर हरळीच्या काड्या लावल्या, बोटभर अंतरावर, बापू आणि नेटची पोरं मिळून. लोकांना वाटतं पीचवर गवत म्हणजे आळस. गवताची मुळं खालून पाणी ओढतात म्हणून पीच पोटापर्यंत एकसारखी वाळते. गवत नसलं की वरची पपडी वाळते, खाली ओल राहते, आणि आपली काळी माती वाळताना आकसते तशा भेगा मोठ्या आणि वेड्यावाकड्या पडतात. ऑगस्टमध्ये कोणीतरी भलेपणाने मूठ-मूठ युरिया फेकला आणि गॅलरीकडच्या टोकाचं गवत जळालं, तिथे पुन्हा लावावं लागलं, ते टोक अजून कच्चं आहे.

रोलर ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबर हीटची ती कोरडी ऊब यासाठी फार चांगली, रोज थोडं वाळतं आणि रोज थोडं दाबता येतं. आधी आडवा, तिरपा, मग उभा. माती मळलेल्या कणकेसारखी झाली की दाबायची, बोटाला चिकटत असेल तर नाही, आणि खिळा टोचल्यावर भुगा निघत असेल तर उशीर झाला. दुसऱ्या डावाच्या आधी सात मिनिटांपर्यंत रोलर फिरवायची मुभा असते, कॅप्टन लोकांचा त्यावर फार विश्वास, पण जो घट्टपणा महिनाभराच्या दाबण्याने येतो तो त्या सात मिनिटांत येत नाही.

एक गोष्ट मी गोल्फवरून उचलली. १९३५ साली अमेरिकेत एडवर्ड स्टिंपसन नावाच्या गोल्फरला ओकमाँटच्या कोर्सवरच्या ग्रीन अतीच वेगवान वाटल्या, तर त्याने तक्रार करत न बसता एक खाच असलेली पट्टी बनवली, तिच्यावरून बॉल सोडायचा आणि तो किती फूट घरंगळतो ते मोजायचं. आज जगभर स्टिंपमीटर म्हणून तिचंच सुधारलेलं रूप वापरतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे मेंबर आणि माळी यांच्यात वाद झाला तर बोलायला एक आकडा असतो. क्रिकेटला तसंच एक जुनं माप आहे. १६ फुटांवरून बॉल पीचवर सोडायचा आणि किती इंच उसळतो ते बघायचं. ३० च्या वर गेला तर फार वेगवान, १५ च्या खाली म्हणजे मेलेली. आखाजीनंतर गाळ काढायच्या आधी आम्ही मोजलं होतं तेव्हा कुठे ९, कुठे १३, आणि एका ठिकाणी बॉल उसळलाच नाही, धप करून बसला. आता गेटजवळ फळा लावलाय, त्यावर दर शनिवारी चार ठिकाणचा आकडा, पीचला शेवटचं पाणी कधी दिलं, पुढची मॅच कुठल्या पट्टीवर, आणि कुठली पट्टी कधीपर्यंत बंद. बापूंना आता दिवसातून दहा वेळा तेच उत्तर द्यावं लागत नाही.

दिवाळीला तो सुरतचा पोरगा आला होता, भुवईवर पांढरी रेघ राहिली आहे. दोरीच्या बाहेर उभा राहून बघत होता. मला वाटलं हा रागावलेला असेल, आणि त्याला हक्कच होता. त्याने बापूंना विचारलं, काका, या वेळी बॉल कसा येईल? बापूंनी दोरी वर केली, त्याला आत घेतलं, मंडपवाल्याची शिडी आणून उभी केली आणि त्याच्या हातात बॉल दिला. "तूच टाकी देख, भो." पोरगा वर चढला, खाली आम्ही पट्टी धरून बसलो. तीनदा टाकला. १९, २०, १९. गॅलरीकडच्या टोकाला १४. चारही आकडे त्यानेच गेटवरच्या फळ्यावर लिहिले, १४ सुद्धा, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं, इकडून अजून बॉलिंग नको.